लास वेगासचा पत्ता

लॉर्ना तेंगान चिडली की आधी तिचे कान लाल व्हायचे. हवाई बेटांवरच्या हिलोतल्या निम्म्या गावानं ते लाल झालेले पाहिलेत, कारण निम्मं गाव तिच्या हातचं जेवून मोठं झालंय. शाळेच्या भटारखान्यात तिनं एकतीस वर्षं काढली. ताटात गाजर टाकून उठणाऱ्या पोराला ती खांद्याला धरून परत खाली बसवायची. एकदा राजधानीहून, होनोलुलूहून, वास मारणाऱ्या माशांची खोकी आली, तेव्हा ती तिनं स्वतः ट्रकमध्ये परत चढवली आणि ट्रकच्या पुढे रस्त्यावर फतकल मारून बसली. साहेबाला फोन लागेपर्यंत ड्रायव्हरला ट्रक हलवता आला नाही. "पोरं जेवतात इथं, डुकरं नाही!" हे तिचं वाक्य गावात अजून सांगतात. सगळे तिला मावशी म्हणतात, तिच्याहून मोठेसुद्धा.

रागीट माणसाच्या पोटात काही राहत नाही, जे काय असेल ते तोंडावर येतं, असं गावाला वाटतं. लॉर्नाबद्दल तरी गाव साफ चुकलं.

तिची एक भिशी होती. जपानच्या ओकिनावा बेटाहून उसाच्या मळ्यावर आलेल्या लोकांच्या लेकीसुना तिला मोआई म्हणतात, पण आहे भिशीच. सात बायका, महिन्याचा पहिला शनिवार, आणि जिचा नंबर तिला त्या महिन्याची रक्कम. जी सांभाळते ती भिशीची आई. तिच्याकडे निळ्या कापडाचं एक गाठोडं असतं. त्यात वही, पेन आणि जमलेलं पाकीट. हे गाठोडं लॉर्नाकडे मात्सुए आजीकडून आलं होतं. आजीनं ते पस्तीस वर्षं सांभाळलं आणि डोळे अधू झाल्यावर सगळ्यांसमोर लॉर्नाच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "तू भांडकुदळ आहेस. पण खोटं बोलत नाहीस." नवरा गेल्यानंतर लॉर्नाला कुणी काही दिलं असेल तर ते हेच. ती ते कपाटात नव्हे, उशाशी ठेवायची.

भिशीखेरीज सगळ्यांचा मिळून एक वेगळा साठा होता. सगळ्यांनी एकत्र ओकिनावाला जायचं, आजीच्या आईचं गाव बघायचं, म्हणून दर महिन्याला थोडं बाजूला पडत होतं. पतपेढीत ते वर्षानुवर्षं नुसतं पडून होतं. मग लॉर्नाचा दीर वेन्डेल, जो लास वेगासला जाऊन राहिलाय, तो नाताळात आला आणि चार दिवस बिटकॉइन, बिटकॉइन करून त्यानं सगळ्यांचं डोकं खाल्लं. बायकांनी हसून घेतलं. पण त्या हसण्यातून पुढच्या शनिवारी ठराव झाला, की साठा त्या नाण्यात घालायचा. एक्स्चेंजवर, म्हणजे ते नाणं विकून सांभाळणाऱ्या कंपनीत, खातं एकाच माणसाच्या नावानं निघतं, म्हणून ते लॉर्नाच्या नावानं निघालं. आर्लीन तेवढी नाही म्हणाली. पतपेढीच्या खिडकीत जन्म गेलेली बाई, ती दुसरं काय म्हणणार?

"खातं माझ्या नावावर, पण साठा सगळ्यांचा," लॉर्ना म्हणाली. "बुडलं तर भिशीची आई भरेल."

"आणि तरलं तर?" आजीनं विचारलं.

"तर तुला खिडकीजवळची सीट."

वर्षभर सगळं बरं चाललं. मग राज्यानं नियमावर बोट ठेवलं. एक्स्चेंजनं ग्राहकाचं जेवढं नाणं सांभाळायचं, तेवढ्याच किमतीची रोकड त्याशिवाय वेगळी ठेवायची, नाहीतर परवाना नाही. कंपनी म्हणाली, म्हणजे एकाच गोष्टीसाठी आम्ही दोनदा पैसे अडकवायचे? जमणार नाही. तिनं हवाईतून गाशा गुंडाळला आणि इथल्या प्रत्येक ग्राहकाला पत्र धाडलं, की तीस दिवसांत तुमचं जे आहे ते काढून घ्या, नंतर खातं बंद.

तो महिना हिलोत दुसरा विषय नव्हता. न्हाव्याच्या दुकानात, मासळीबाजारात, पावसाला टेकून बसलेल्या प्रत्येक पडवीत तेच. पपईवाला शेतकरी म्हणाला, राज्य आपल्याला कुकुल्या बाळांसारखं वागवतंय. निवृत्त हिशेबनीस म्हणाला, बरं झालं, जुगारच तो. बाकीच्यांनी शिव्या घालत घालत आपापलं काढून घेतलं. लॉर्नालाही काढता आलं असतं. दहा मिनिटांचं काम होतं.

"काढून टाक," आर्लीन म्हणाली.

"कुणाच्या बापाचं राज्य आहे म्हणून काढू?" लॉर्नाचे कान पेटले. "माझं नाणं, माझं खातं, आणि होनोलुलूतला कुणीतरी टायवाला मला तारीख देणार?"

"तारीख कंपनीनं दिलीय."

"कंपनीला कुणी पळवलं? त्यानंच ना?"

त्या दुपारी तिनं वेन्डेलला फोन लावला.

"वहिनी, इकडं असलं काही नाही," तो म्हणाला. "नेवाडात तुला कुणी विचारत नाही."

"मग समज मी नेवाडात राहते. तुझा पत्ता सांग. घर नंबरासकट."

"अगं, खरंच राहायला ये की! निम्मं हिलो इथंच आहे. दुपारी भातासाठी रांग लागते, रांगेत सगळी ओळखीचीच थोबाडं."

"त्या भट्टीत येऊन मरू? पत्ता सांग."

आता हे इथं कुणाला खोटं वाटत नाही, हे समजून घ्या. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची अर्धी दुकानं 'हवाईला पाठवत नाही' असं म्हणून हात झटकतात. म्हणून गादी, टायर, शिवणयंत्र, सगळं लास वेगासच्या भावाच्या, मेहुण्याच्या दारात उतरतं आणि तिथून बोटीनं इकडे येतं. प्रत्येक घराला वाळवंटात एक पत्ता असतोच. लॉर्नाचं शिवणयंत्र, तिच्या नवऱ्याची मासेमारीची काठी, तिची गुडघ्याची पट्टी, सगळं वेन्डेलच्या दारातून आलेलं. तिनं खात्यात हिलोचा पत्ता पुसून वेन्डेलचा घातला, तेव्हा तिला वाटलं आपण एक गादी मागवतोय. भिशीत तिनं एवढंच सांगितलं, की खातं चालू आहे.

पण नाणं सांभाळणारा गादीवाला नसतो. चौदा महिन्यांनी कंपनीनं विचारलं, बाई, तुम्ही लास वेगासला राहता आणि रोज हिलोतून खातं उघडता, हे कसं? त्या पत्त्यावरचं, तुमच्या नावाचं विजेचं बिल पाठवा. लॉर्नाकडे बिल कुठलं असणार? तिनं बिलाऐवजी तीन पानांचं भांडण पाठवलं. कंपनीनं खात्याला कुलूप ठोकलं. शेवटी एक ओळ होती: आपल्या खऱ्या पत्त्याचा पुरावा आल्यास फेरविचार होईल. ती ओळ तिनं वाचली, दोनदा वाचली आणि फोन पालथा घातला.

पुढचा शनिवार आर्लीनच्या घरी होता. दारात चपला काढता काढताच आजीनं विचारलं, "आपली सीट काय म्हणते?"

"राज्यानं कुलूप घातलं," लॉर्ना म्हणाली.

ठरवून बोलली नव्हती ती. खरं सांगायला बरीच वाक्यं लागली असती, त्यात 'मी' फार वेळा आला असता, आणि हे अर्ध्या वाक्यात उरकलं. शिवाय समोर सहा बायका रागवायला टपलेल्याच होत्या. त्या इतक्या भडकल्या, की दोन मिनिटांत लॉर्नाही खरोखरच राज्यावर भडकली. आपण स्वतःवर चिडलोय हे तिला कळलं असतं तर त्याच दिवशी मिटलं असतं. पण राग असा समोर तयार वाढलेला असला की स्वतःच्या ताटात कोण बघतं?

ते फलकाचं आजीच्या डोक्यातून आलं.

आमच्याकडे निवडणूक असो, लग्न असो, पाणीपट्टी असो, माणसं फलक घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहतात आणि हात हलवतात. गाडीवाले हॉर्न मारतात. मात्सुए आजी सोळा वर्षांची असताना मळेवाल्यांविरुद्धच्या मोठ्या संपात होती. महिनोन् महिने संपकऱ्यांच्या चुलीवर भात शिजवायची आणि उरलेल्या वेळात फलक धरायची. आता ती अठ्ठ्याऐंशीची होती, आणि समुद्राकाठच्या रस्त्यावर, वडाच्या कोपऱ्यात, घडीच्या खुर्चीवर बसली. डोक्यावर टोपी, टोपीवर प्लॅस्टिकची पिशवी, मांडीवर लॉर्नाच्या हातचा फलक: 'राज्यानं घातलेलं कुलूप काढा.'

"नीट लिहिलंयस ना?" पहिल्या दिवशी आजीनं विचारलं. "मला दिसत नाही. फलक धरायचा म्हणजे त्यावरचं खरं असावं लागतं. आम्ही संपात एक अक्षर खोटं लिहू देत नव्हतो."

"खरं आहे," लॉर्ना म्हणाली आणि पावसाकडे बघू लागली.

दोन वर्षं, दर बुधवारी. हिलोचा पाऊस काही विचारून येत नाही. लोक हॉर्न मारायचे, आजी हात हलवायची. तिची नातवंडं शेजारीपाजारी सांगायची, आमच्या आजीचे पैसे सरकारनं गिळले. पेपरात फोटो आला. त्यात लॉर्नाचं तोंड उघडं आहे आणि आजी हसतेय. मग जगभरची साथ आली, कोपरा बंद झाला, भिशी पडद्यावर आली. जगभर पांगलेल्या लेकरांना ओकिनावा घरी बोलावतं तो मोठा मेळावा आला आणि गेला. आजी त्र्याण्णवची झाली. कुलूप तसंच होतं.

दरम्यान ते नाणं कुठल्या कुठे गेलं. टीव्हीवर भाव सांगितला की लॉर्ना उठून पाणी प्यायला जायची.

मग राज्याचे लोक हिलोत आले. नियम बदलायचा का, लोकांचं म्हणणं काय, म्हणून सभागृहात बैठक ठेवली. होनोलुलूहून आलेला अधिकारी होता डॅरिल पाशेको. हिलोचंच पोर. पाच वर्षं लॉर्नाच्या हातचं जेवलेलं. लॉर्ना त्याला फाडून खायला निघाली होती. सकाळपासून भाषण पाठ करत होती आणि पाठ करता करता आंदागी, म्हणजे ओकिनावाचे गोड वडे, तळत होती, कारण भांडायला जायचं झालं तरी रिकाम्या हातानं कसं जायचं? गरम, गोल, वरून तडकलेल्या आंदागींचा डबाच्या डबा तिनं त्याच्या टेबलावर आदळला.

"खा. मग बोलते तुझ्याशी."

डॅरिलनं डब्याकडे असं बघितलं की त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं मागच्या रांगेतसुद्धा कळलं. "मावशी, घेता येत नाही गं. ज्यांची तक्रार ऐकायची त्यांच्याकडचं आम्ही काही घेत नाही."

"काय?" तिची तळपायाची आग मस्तकात गेली. "पाच वर्षं माझ्या हातचं गिळलंस तेव्हा नव्हतं असलं काही? गाजरं खिशात लपवायचास, विसरलास?"

सभागृह हसलं. डॅरिलही हसला आणि डबा हळूच कडेला सरकवला. ते सरकवणं तिला झोंबलं.

पपईवाला बोलला, हिशेबनीस बोलला. मग लॉर्नाचा नंबर लागला. मागे सहाही बायका आपापले जुने फलक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यातली आजी पुढच्या रांगेत होती, फलक सरळ धरून. लॉर्ना उभी राहिली आणि सुटली. तुम्ही आम्हाला पोरं समजता. तुम्ही नियम करता, कंपन्या पळतात, मरतो कोण? आम्ही! सहा म्हाताऱ्या बायकांचा साठा पाच वर्षं अडकवलात! टाळ्या पडल्या. डॅरिलनं वहीत काहीतरी लिहिलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "मावशी, एक कळत नाही. हवाईच्या पत्त्यावर ज्यांची खाती होती त्यांना सगळ्यांना तीस दिवस मिळाले. आमच्याकडून एकाही खात्याला कुलूप लागलेलं नाही, तो अधिकारच आम्हाला नाही. तुमचं कसं अडकलं?"

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. पण लॉर्नाला वाटलं पोरगं आपल्याला सापळ्यात धरतंय. आधी आंदागी नाकारली, आता हे. कान लाल झाले, आणि पुढचं तोंडातून गेल्यावरच तिच्या कानांवर पडलं.

"दिला मी लास वेगासचा पत्ता! मग काय करणार होते? तुमच्या तारखेला घाबरून शेपूट घालू? सगळं गाव गाद्या मागवतं त्या पत्त्यावर! तुम्ही असा नियम केला नसता तर मला खोटं बोलावं लागलं असतं का?"

कुणी टाळी वाजवली नाही.  डॅरिलनं खाली बघितलं, चांगलं पोरगं ते. लॉर्नानं मागे वळून बघितलं नाही, पण एक आवाज ऐकला. आजीनं फलक मांडीवरून उचलून, पालथा करून, जमिनीवर ठेवला.

आजीला घरी सोडायचं लॉर्नाकडे होतं.  पुलाजवळ लॉर्ना म्हणाली, "त्या नियमानं किती लोकांचं वाटोळं झालं माहितीये?"

"इथंच उतरव मला," आजी म्हणाली.

"अगं पाऊस आहे."

"दोन वर्षं भिजलेच आहे की."

लॉर्नानं ऐकलं नाही, दारापर्यंत नेलं. आजी दार धरून धरून उतरली आणि मागे न बघता आत गेली.

त्याच संध्याकाळी, अजून रागातच, लॉर्नानं कंपनीला पत्र लिहिलं. मी हिलोत राहते. मी कायम हिलोतच राहत होते. लास वेगासला मी आयुष्यात दोनदा गेले, दोन्ही वेळा लग्नाला. सोबत हिलोच्या विजेचं बिल जोडलं. चार ओळी. पाच वर्षांपूर्वी लिहिल्या असत्या तर दहा मिनिटं लागली असती.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आभारी आहोत, पत्ता पडताळला, कुलूप काढलं आहे. मात्र हवाईतील ग्राहकांना आम्ही सेवा देत नाही, तेव्हा तीस दिवसांत आपलं सर्व काढून घ्यावं. शब्दाला शब्द तेच जुनं पत्र. लॉर्नानं ते वाचून बशी फोडली. मग दहा मिनिटांत सगळं काढून घेतलं.

पुढच्या शनिवारी ती गाठोडं घेऊन भिशीला गेली. मनात कुठंतरी ऊब होती, कारण बातमीच तशी होती. तिनं आकडा सांगितला तेव्हा एकीनं हातातला चहा सांडला. ओकिनावाला जाऊन, राहून, आजीच्या आईच्या गावातल्या प्रत्येक घरी भेटीचं खोकं घेऊन गेलं तरी संपणार नव्हतं. सगळ्या एकदम बोलू लागल्या.

"म्हणजे वेळेवर काढलं असतं तर हातात काही पडलंच नसतं!"

"बरं झालं गं बाई खोटं बोललीस!"

"लॉर्ना, अजून एखादा पत्ता आहे का तुझ्याकडे?"

आर्लीनसुद्धा हसली. लॉर्नाही हसायला लागली. पाच वर्षांत पहिल्यांदा पोट भरून.

"गाठोडं दे," आजी म्हणाली.

हसणं थांबलं. लॉर्नाला वाटलं, आजीला वही बघायचीय. तिनं गाठोडं पुढे केलं. आजीनं ते चाचपलं, गाठ तपासली, आणि आर्लीनच्या मांडीवर ठेवलं.

"आजी, पैसे आलेत," लॉर्ना म्हणाली. "सगळे आलेत. पन्नासपट आलेत."

"आणि बुडाले असते तर?"

"तर मी भरले असते! शब्द दिला होता मी!"

"पैशाचं कोण विचारतंय?" आजीचा आवाज चढला. तिचा आवाज चढलेला त्या खोलीत कुणी ऐकला नव्हता. "संपात मी सोळा वर्षांची होते. पोटात भात नव्हता, पण फलकावर खोटं नव्हतं. आणि त्र्याण्णवाव्या वर्षी कळतं की दोन वर्षं पावसात बसून मी खोटं दाखवत होते! येणाऱ्या-जाणाऱ्याला हात हलवत होते! नातवंडांना सांगितलं सरकारनं लुटलं. त्या पाशेकोच्या पोराला मी देवळात शिव्या दिल्यात. मला विचारून घेतलं असतंस तर कदाचित मीही म्हटलं असतं, दे वेगासचा पत्ता. पण तू मला विचारलं नाहीस. तू मला वापरलंस. मला दिसत नाही म्हणून तुझ्या हातचा फलक धरला मी."

  लॉर्ना उठली, चपला घातल्या आणि उलट्या पायात घातल्या हे तिला गाडीपाशी कळलं.

त्यानंतर ती भिशीला गेली नाही. तिचा वाटा आर्लीनकडे पाकिटात जायचा. ओकिनावाचं ठरत होतं असं तिला मासळीबाजारात कळायचं. ती सगळ्यांवर चिडायची. आर्लीनवर, कारण तिचं खरं झालं. वेन्डेलवर, कारण त्यानं पत्ता दिला. टीव्हीवर. पावसावर. उशाशी गाठोड्याची जागा रिकामी होती, तिथं तिनं एक उशी ठेवली, मग तिच्यावरही चिडून ती काढली.

आणि मग पुढच्या वर्षी राज्यानं जाहीर केलं, की ह्या कंपन्यांना आता आमच्या परवान्याची गरज नाही. दुप्पट रोकड नाही, अट नाही, काही नाही. या आणि धंदा करा. एवढा सगळा खटाटोप, आणि शेवटी काखा वर! लॉर्नानं बातमी ऐकली आणि घरातल्या घरात इतकी ओरडली की शेजाऱ्याचा कुत्रा भुंकायला लागला.

खरा ताप पुढेच होता. गावाला बैठकीतलं ते वाक्य कधीच नीट कळलं नव्हतं, किंवा कळून विसरलं होतं. गावाच्या डोक्यात पेपरातला फोटो होता.

"मावशी, जिंकलीस!" पपईवाल्यानं तिच्या पिशवीत दोन पपया कोंबल्या आणि पैसे घेतले नाहीत.

न्हाव्यानं दुकानातून बाहेर येऊन हात मिळवला. "दोन वर्षं पावसात उभी होतीस. वाया गेलं नाही बघ."

"मी खोटं बोलले होते," ती म्हणाली.

"अगं, सरकारशी सगळेच बोलतात!" तो हसत आत गेला.

पेपरवाल्याचा फोन आला, त्याच कोपऱ्यावर पुन्हा फोटो काढू म्हणाला, आजींनाही बोलवा. लॉर्नानं फोन ठेवला. मग पडवीतून जुना फलक काढला, उलटा केला, रंगाचा डबा उघडला.

निवडणुकीत पडलेला उमेदवारसुद्धा आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर उभा राहून हात हलवतो. हरल्यावर उभं राहायची रीत आहे. लॉर्ना महिन्याच्या पहिल्या शनिवारी, भिशीच्या वेळेला, वडाच्या कोपऱ्यावर उभी राहिली. फोटोवाल्याला तिनं बोलावलं नव्हतं. फलकावर लिहिलं होतं: 'कुलूप राज्यानं घातलं नव्हतं. पत्ता मी खोटा दिला. मात्सुए आजीला ठाऊक नव्हतं. लॉर्ना तेंगान.'

पाऊस होताच. पहिल्या गाडीनं हॉर्न मारला आणि आतल्या माणसानं अंगठा वर केला. दुसऱ्या गाडीनंही. तिसरीतली बाई ओरडली, "शाब्बास मावशी!" कुणी वाचत नव्हतं. बाई तीच, कोपरा तोच, म्हणजे फलकही तोच असणार.

"अरे वाचा की आधी!" लॉर्ना रस्त्यावर किंचाळली. "डोळे फुटले का तुमचे? वाचा!"

लोकांनी आणखी जोरात हॉर्न मारले.

तासाभरानं आर्लीनची गाडी आली. भिशीला निघाली होती, शेजारच्या सीटवर आजी, आजीच्या मांडीवर निळं गाठोडं. गाडी कडेला थांबली. काच खाली आली. आर्लीननं फलक वाचला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत आजीला मोठ्यानं वाचून दाखवला. आजी समोर बघत ऐकत होती. लॉर्नाच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि तिनं ते पुसलं नाही.

"एवढंच लिहिलंय?" आजीनं आर्लीनला विचारलं. "एक अक्षर कमीजास्त नाही?"

"नाही. एवढंच."

आजीनं मान बाहेर काढली, डोळे बारीक केले आणि फलकाच्या दिशेनं बराच वेळ बघितलं.

"अक्षरं लहान आहेत," ती लॉर्नाला म्हणाली. "म्हणून कुणी वाचत नाही. बुधवारी मोठी काढून आण."

काच वर गेली आणि गाडी भिशीला निघून गेली.